सममितीचा वंशवृक्ष काढताना या चुका टाळा

झेनोटर्बेला हा स्वीडनच्या किनाऱ्याजवळ चिखलात राहणारा साधा, चपटा किडा. 1997 साली डीएनएवरून तो शिंपल्यांच्या कुळातला ठरला. 2003 मध्ये उलगडा झाला की तो डीएनए त्यानं खाल्लेल्या शिंपल्यांचा होता.

ही गोष्ट मी दरवर्षी शिकवते, तरी आमच्याकडे तेच झालं. एका विद्यार्थिनीच्या ट्रीवर, म्हणजे डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षावर, सी ॲनिमोन (जेलीफिशचा नातेवाईक) कोळंबीच्या शेजारी जाऊन बसला, बूटस्ट्रॅप (फांदीवरच्या भरवशाचा आकडा, जास्तीत जास्त 100) चक्क 100! अरीय सममितीचा (चाकासारख्या मांडणीचा) प्राणी द्विपार्श्व (डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या) प्राण्यांत कसा, म्हणून ती तीन आठवडे डीएनए कसा बदलतो याची मॉडेलं बदलत होती. मी मूळ सिक्वेन्स (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम) ब्लास्टला, म्हणजे ज्ञात सिक्वेन्सशी ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला, टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं: कोळंबी. टाकीत रोज तेच खाणं पडत होतं. तेव्हापासून प्राणी दोन दिवस गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात उपाशी ठेवायचा, तुकडा संस्पर्शकाच्या टोकाचा घ्यायचा आणि ब्लास्ट झाल्याशिवाय अलाइनमेंटला (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून मांडण्याला) हात लावायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण ज्यांना पहिल्याच दिवशी ट्री हवा असतो त्यांचेच तीन आठवडे जातात.

दुसरी खोड लांब फांद्यांची; ट्रीवर फांदी जितकी लांब, तितके बदल जास्त. भराभर बदलणारे सिक्वेन्स नातं नसतानाही एकमेकांना चिकटतात; अक्षरं चारच, योगायोगानं जुळतात. झेनोटर्बेलाचे नातेवाईक एसील किडे याचंच उदाहरण. 1999 मध्ये 18एस जीननं त्यांना द्विपार्श्व प्राण्यांच्या मुळाशी ठेवलं, 2011 मध्ये ते आपल्या आणि तारामाशांच्या शाखेत आले, 2016 मध्ये परत मुळाशी, 2019 मध्ये पुन्हा तारामाशांजवळ. ते मुळाशी असतील तर पहिला द्विपार्श्व प्राणी साधासुधा असावा. नसतील तर त्यांनी अवयव गमावलेत. एवढा मोठा निष्कर्ष एका फांदीवर टांगलेला! म्हणून मी सर्वांत लांब फांदी काढून ट्री पुन्हा चालवते, आउटग्रुप (तुलनेसाठी घेतलेला गटाबाहेरचा प्राणी) बदलते, आणि त्याच गटातला सावकाश बदलणारा प्राणी शोधते. 1997 मध्ये ट्रायकिनेला हा तसा गोलकृमी घेतला, तेव्हाच गोलकृमी कीटकांच्या, म्हणजे कात टाकणाऱ्यांच्या गटात आले.

पॅरालॉग (जीनची दुसरी प्रत होऊन वेगळे झालेले जीन) आणि ऑर्थोलॉग (प्रजाती वेगळ्या झाल्यामुळे वेगळा झालेला तोच जीन) एकाच अलाइनमेंटमध्ये कोंबू नका.

हॉक्स जीन (शरीराचा कुठला भाग कुठे हे ठरवणारा) सापडला म्हणजे द्विपार्श्व सममिती सिद्ध झाली, असंही लिहू नका. नेमॅटोस्टेला या सी ॲनिमोनमध्येही हॉक्स आहेत, आणि द्विपार्श्व प्राण्यांत पाठ-पोट ठरवणारा डीपीपी जीन त्यातही एकाच बाजूला उमटतो. तक्त्यात तारामाशापुढे नुसतं ‘अरीय’ लिहिलेलं दिसलं की मी तो परत पाठवते. तारामाशाची अळी द्विपार्श्व असते, पंचकोनी रूप नंतरचं.