पोरांना प्रेसिंग शिकवताना दुसऱ्या गड्याकडे बघा

कोल्हापुरात फुटबॉलचं कोचिंग सुरू करणाऱ्याला एक सोय आहे: पोरांना खेळाची गोडी लावावी लागत नाही. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की बारा-तेरा वर्षांची पोरं आधीच जागा धरून बसलेली असतात. अडचण वेगळीच असते. प्रेसिंग म्हणजे समोरच्यांकडं बॉल असताना सगळ्यांनी मिळून पुढं जाऊन त्यांना कोंडीत पकडणं. पण ते काय असतं, हे पोरांनी मोबाइलवर कोच क्लॉपच्या काळातल्या लिव्हरपूलच्या क्लिपा बघून ठरवून टाकलेलं असतं. क्लिपमध्ये बॉलवर तुटून पडणारा तेवढा दिसतो. त्याच्यासोबत सरकलेले चौघं चौकटीबाहेर राहतात. मग ग्राउंडवर आपला सेंटर फॉरवर्ड एकटाच पळत सुटतो, समोरचा बॅक निवांत बाजूला पास देतो, हा पुन्हा तिकडं धावतो. थोड्याच वेळात गुडघ्यावर हात.

त्यानंतर ठरलेलं भांडण. "सर, मी गेलतो की! ह्योच आला न्हाई."

हे वाक्य कानावर आलं की गेलेल्याला सोडा आणि न आलेल्याशी बोला. प्रेसिंगचा बहुतेक सराव दुसऱ्या आणि तिसऱ्या गड्याचा असतो. आमच्याकडच्या पोरांना हे कबड्डीवरून पटकन कळतं. कोपऱ्यानं रेडरचा घोटा धरला आणि कव्हर आलाच नाही, तर रेडर त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. इथंही तेच.

पहिल्याचं काम बॉल हिसकावायचं नाही, रस्ता बंद करायचं आहे. त्यानं सरळ न धावता कमानीत धावायचं, म्हणजे समोरच्या दोन सेंटर बॅकपैकी एक त्याच्या पाठीआड झाकला जातो आणि पास एकाच बाजूला जाऊ शकतो. शेवटची दोन-तीन पावलं आखूड, गुडघे वाकलेले, अंग तिरकं. झेप घेतली की एका टचमध्ये तो बाद. दुसरा त्या उघड्या ठेवलेल्या पासच्या माणसाला चिकटतो. तिसरा मधला रस्ता धरतो. आणि लांबच्या बाजूचा विंगर आत सरकतो. हे पोरांना सगळ्यात जड जातं. "सर, पण माझा माणूस मोकळा राहतोय." राहू दे. त्याच्यापर्यंत बॉल हवेतून यायला वेळ लागतो, तेवढ्यात आपल्याला परत सरकता येतं.

आधी हे बॉलशिवाय चालत करून घ्या. पोरं कंटाळतात, म्हणून थोडाच वेळ. इटालियन कोच आरिगो साक्कींचा मिलानचा संघ असाच बॉलशिवाय सराव करायचा. पहिल्या आणि शेवटच्या फळीत साधारण 25 मीटर अंतर राहावं, हा त्यांचा आग्रह. 1989 आणि 1990 चा युरोपियन कप त्याच संघानं जिंकला. मग बॉल आणा. अर्ध्या ग्राउंडवर फक्कीनं तीन उभे पट्टे आखा. गोलकीपर आणि चार बॅक बॉल बाहेर काढणार, पाच जण प्रेस करणार. नियम एकच: प्रेस करणारे पाचही जण बॉलच्या पट्ट्यात किंवा शेजारच्या पट्ट्यात हवेत. पलीकडं कोणी सापडला तर खेळ थांबवायचा, ओरडायचं नाही, फक्त "बघा, कुठं आहात?" एवढं विचारायचं.

केव्हा जायचं, याच्या खुणा ठरलेल्या असाव्यात: टच लांब गेला, पास मागं दिला, किंवा साइडलाइनजवळच्या बॅकनं आपल्याच गोलकडं तोंड करून बॉल घेतला. इतर वेळी थांबायचं. आपल्या खडबडीत मैदानांवर पहिली खूण वारंवार मिळते. पावसाळ्यात तर छोटा पास चिखलात अर्ध्यावरच थबकतो. त्यावर जाणं पोरांना न शिकवताही येतं. "जा" हा आवाज मात्र फॉरवर्डनं नाही, त्याच्या मागच्या मिडफिल्डरनं द्यायचा, कारण सोबत कोण आलंय ते त्यालाच दिसतं. "जा" आणि "थांब", दोनच शब्द पुरे.

प्रेस करताना मधे मोकळी जागा राहू नये म्हणून बॅकलाइन, म्हणजे बचावाची फळी, वर आणताना सगळ्यात जास्त विरोध कडेला उभ्या पालकांचा होतो. "मागं राहा रे!" हे इतक्या जोरात येतं की पोरगं आपलं ऐकतच नाही. त्याला ऑफसाइडचा (पास निघताना आपल्या बॅकलाइनच्या मागं पुढं जाऊन उभं राहिल्याचा) नियम समजावून सांगा: विरोधी खेळाडू स्वतःच्या अर्ध्यात ऑफसाइड होत नाही, म्हणून आपली लाइन मध्यरेषेपर्यंतच चढवायची, त्यापुढं नाही. मागच्या मोकळ्या जागेची जबाबदारी गोलकीपरची. थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतं, तेव्हा एक बॅक मागं हवाच. तरीही त्यांच्या कोपऱ्यातला थ्रो-इन ही प्रेसिंग सुरू करायला मला सगळ्यात आवडणारी जागा आहे, कारण एक बाजू साइडलाइननं आधीच अडवलेली असते.

घाबरून बॅकनं बॉल लांब फेकला, तर पोरं हिरमुसतात. वास्तविक तिथंच आपलं काम झालेलं असतं. तो बॉल खाली पडेल तिथं मिडफिल्डर उभा आहे का, एवढंच बघायचं. बेंचवरच्या पोराला वही द्या. बॉल गेल्यापासून परत मिळेपर्यंत समोरच्यांनी किती पास दिले, त्याच्या काड्या मारत जायचं. मोठ्या क्लबांतले विश्लेषक प्रेसिंग मोजायला असेच पास मोजतात. काड्या मारणाऱ्याला कोण आलं नाही, तेही आपोआप दिसायला लागतं.

पूर्ण मॅचभर प्रेस करायला लावू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तर नाहीच. बॉल गमावल्यावरचे पाच-सहा सेकंद आणि समोरच्यांची गोलकिक, एवढं ठरवलं तरी चालतं. 2019 पासून गोलकिकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला घेता येतो. आपल्या पोरांनी किक होईपर्यंत बॉक्सबाहेर थांबायचं आणि मगच निघायचं.

दहा वर्षांखालच्या मुलांना यातलं काहीच नको. इंग्लंड-अमेरिकेत त्या वयोगटात गोलकिकच्या वेळी विरोधी संघाला ठरावीक रेषेमागं हटावं लागतं, कारण पास द्यायलाच शिकत असलेल्या पोरावर तिघं धावून गेले की ते बॉल कुठंही मारायला शिकतं. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत अशी रेषा आखलेली नसेल, तर मॅचआधी समोरच्या कोचशी बोलून ठरवून घ्या. बहुतेक जण हो म्हणतात.