पहिला बाल्डर्स गेट नव्याने खेळताय? सुरुवातीच्या दोन-तीन लेव्हल जिवंत राहायचं असं

१९९८ चा बाल्डर्स गेट, म्हणजे सहा जणांची टोळी (पार्टी) घेऊन लढत फिरायचा कॉम्प्युटर गेम, सुरू करून पहिल्या तासाभरात लांडग्यांकडून मरून गेम कायमचा बंद करणारे खूप जण आहेत आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण गेम तसा अवघड नाहीये, फक्त सुरुवातीला तुमची माणसं फार नाजूक असतात. लेव्हल एकच्या मेजकडे (जादूगार) जेमतेम चार ते सहा हिट पॉइंट (म्हणजे जीव), एक घाव बसला की संपला विषय. त्यामुळे या लेव्हलना समोरासमोर मारामारी करायचीच नाही, हे डोक्यात पक्कं करा. २०१२ ची एन्हान्स्ड एडिशन (सुधारित आवृत्ती) खेळत असाल तरी हेच.

स्वतःचं कॅरेक्टर फायटर (लढवय्या) घ्या. बाकी पाचही जण उभे असले तरी तुम्ही पडलात की गेम ओव्हर, म्हणून मेन माणूस दणकट हवा. कॅरेक्टरचे आकडे मनासारखे येईपर्यंत रिरोल मारत (फासे परत टाकत) बसा, स्ट्रेंथ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १८ च्या जवळ आणा, इंटेलिजन्स-विजडम कमी असलं तरी फायटरचं काही अडत नाही. डेक्स्टेरिटी १८ केली तर आर्मर क्लास (शत्रूच्या वारापासून बचावाचा आकडा) चारने सुधारतो, वर बाणाचा नेमही.

आता आर्मर क्लास आणि थॅको (तुमचा वार लागण्याचा आकडा), इथेच सगळे गोंधळतात. दोन्ही जितके कमी तितके चांगले. अंगावर काही नसेल तर आर्मर क्लास १०, फुल प्लेट घातलं की १. तुमचा थॅको २० आणि समोरच्याचा आर्मर क्लास ५ असेल तर वीसमधून पाच वजा, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त पडलं तरच वार लागणार, दहातले सात वार हुकणार! गेम बिघडलेला नसतो, नियमच तसे आहेत.

म्हणून धनुष्य घ्या, शक्य त्या प्रत्येकाला द्या. धनुष्याने एका राउंडला (लढाईची एक फेरी) दोन बाण सुटतात, तलवारीचा सुरुवातीला साधारण एकच वार. क्लेरिक (पुजारी) आणि मेजला धनुष्य चालत नाही, त्यांना गोफण द्या. जड चिलखतवाले एक-दोन जण पुढे, बाकी सगळे मागून मारणार, आणि शत्रू दिसला की लगेच स्पेसबारने पॉज करून प्रत्येकाला वेगळी ऑर्डर द्यायची, मग सोडायचं, परत पॉज. ऑप्शन्समध्ये ऑटो-पॉज आहे, शत्रू दिसल्यावरचा पर्याय असेल तर नक्की चालू करा.

आणि स्लीप! लेव्हल एकचा हा झोपवणारा स्पेल (मंत्र) सुरुवातीच्या गेममधली सगळ्यात भारी गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे. कोबोल्ड आणि गिबरलिंग हे छोटे राक्षस, लांडगे, डाकू, सगळी टोळी एकदम आडवी होते आणि झोपलेल्यावर वार हुकत नाही. पार्टीत मेज असेल तर त्याला आधी स्लीप द्या, मॅजिक मिसाइल (जादूचा बाण) नंतर. एकदा टाकला की परत झोप काढल्याशिवाय मिळत नाही, आणि रानात झोपलात तर मधेच कोणीतरी येऊन उठवतं, म्हणून जमेल तेव्हा इनमध्येच (सराईत) मुक्काम करा.

गेम जिथे सुरू होतो त्या कँडलकीपमधली बारीकसारीक कामं सगळी करून घ्या, मग बाहेर पडल्यावर इमोएनला सोबत घ्या. ती थीफ (चोर) आहे, लेव्हल वाढली की पॉइंट कुलूप उघडण्यात आणि सापळे शोधण्यात टाका. तिच्याकडे मॅजिक मिसाइलची वाँडपण (जादूची कांडी) असते, जपून ठेवायला नको, वापरा. तिथून इकडेतिकडे न भटकता रस्त्याने थेट फ्रेंडली आर्म इन गाठा. दारापाशी पायऱ्यांवर टार्नेश नावाचा मेज तुम्हाला गाठतो, नवीन लोक इथे हमखास मरतात. आधी सेव्ह करा, बोलणं संपताच पॉज, आणि सगळ्यांना त्याच्यावरच सोडा, कारण मंत्र म्हणताना मार बसला तर स्पेल फुकट जातो, नाहीतर हॉरर (घाबरवणारा स्पेल) टाकून तुमची माणसं सैरावैरा पळायला लावतो. आत खालिद आणि जाहीरा भेटतात, दोघांनाही घ्या, नवरा-बायको आहेत, एकाला काढलं की दुसराही जातो. रस्त्यात भेटणारे झार आणि मॉन्टारॉन यांचं या दोघांशी पटत नाही, त्यामुळे एकच जोडी ठेवा.

मग दक्षिणेला बेरेगोस्ट गाव, त्याच्याही खाली नॅशकेल. सेव्ह वेगवेगळ्या स्लॉटमध्ये करत राहा, एकाच क्विकसेव्हवर विसंबू नका. कोणी साथीदार मेला तर त्याचं सामान जमिनीवर पडतं, ते उचलून देवळात जा, पैसे देऊन जिवंत करतात.

नॅशकेलच्या खाणीत उतरताना प्रत्येकाकडे एक जादा हत्यार असू द्या, या भागात लोखंड खराब झालंय आणि साध्या तलवारी ऐन लढाईत मोडतात. आत इमोएनला सापळे शोधायला लावून सावकाश चाला. तळाशी मुलाहे हा खाणीतला मुख्य शत्रू आहे, तो कोबोल्ड आणि सांगाडे बोलावतो. कोबोल्डना स्लीप, पण सांगाडे झोपत नाहीत आणि बाणांनी त्यांना फारसं काही होतही नाही, तेव्हा दोघांच्या हातात तरी गदा किंवा सोटा ठेवूनच त्याच्या खोलीत शिरा.