ब्ल्यू माउंटन्समध्ये वाट चुकल्यास खाली उतरू नका

सिडनीला मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे गेलेली मराठी मंडळी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सेंट्रल स्थानकावरून सुमारे दोन तासांच्या रेल्वेप्रवासाने ब्ल्यू माउंटन्स या डोंगराळ प्रदेशातल्या कटूम्बा गावी जातात, इको पॉइंटवरून ‘थ्री सिस्टर्स’चे सुळके पाहतात आणि शेजारच्या जायंट स्टेअरवेच्या पायऱ्या उतरू लागतात. ज्यांनी राजगड, हरिश्चंद्रगड पालथे घातले आहेत त्यांना हा प्रदेश सोपा वाटतो. मात्र सह्याद्रीत आपण सकाळी ताज्या पायांनी गड चढतो आणि दुपारनंतर उतरतो. येथे गावे, रस्ता आणि रेल्वे सारे पठारावर असल्यामुळे उतार आधी येतो आणि कड्याची सगळी चढण पाय थकल्यावर वाट्याला येते. त्याहून मोठा फरक दरीच्या तळाशी आहे. आपल्याकडे वाट चुकली तरी एखादी सोंड धरून उतरत गेल्यास उशिरा का होईना, वाडी, धनगरवाडा किंवा निदान गुरांची वाट लागते. जॅमिसन आणि ग्रोस या दऱ्यांच्या तळाशी गाव नाही, आणि ओढ्याच्या कडेने गेल्यास तो धबधब्याच्या माथ्यावर किंवा अरुंद घळीत नेऊन सोडतो. त्यामुळे ‘खाली गेलो की माणसे भेटतील’ हा आपला अनुभवाचा आडाखा येथे उलटा ठरतो.

वाट हरवल्याची शंका येताच जागीच थांबावे. पाणी प्यावे, पाच मिनिटे बसावे, आणि शेवटची पाटी किंवा पायरी कोठे दिसली होती हे सर्वांनी मिळून आठवावे. ती जागा नक्की ठाऊक असेल आणि उजेड शिल्लक असेल, तरच आल्या पावली तेथवर परत जावे. अन्यथा जवळच्या मोकळ्या, वरून दिसेल अशा जागी सर्वांनी एकत्र राहावे. मदत आणण्यासाठी एकाने पुढे जाणे आणि बाकीच्यांनी मागे राहणे मला सर्वांत घातक वाटते, कारण मग शोधपथकाला दोन ठिकाणी शोध घ्यावा लागतो. दर थोड्या वेळाने शिट्टीचे तीन लांब आवाज द्यावेत, आणि भडक रंगाचे जॅकेट किंवा ओढणी झुडपावर पसरून ठेवावी. जुलै २००९ मध्ये कटूम्बाहून एकटाच फिरायला निघालेला एक ब्रिटिश तरुण १२ दिवस या रानात हरवला होता आणि त्याचा मोबाइल मुक्कामाच्या ठिकाणीच राहिला होता. सुदैवाने तो जिवंत परतला.

ऑस्ट्रेलियात आपत्कालीन क्रमांक ००० आहे. भारतातला ११२ हा क्रमांक तेथेही मोबाइलवरून लावला, तर तो त्याच यंत्रणेकडे जातो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी तेथे दुसऱ्या कोणत्याही कंपनीची असल्यास हा फोन लागतो. प्रथम पोलीस, अग्निशमन की रुग्णवाहिका, असे विचारले जाते. वाट चुकली असेल तर पोलीस सांगावे, दुखापत गंभीर असेल तर रुग्णवाहिका. त्यानंतर आपण राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटेवर आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे. वाटेचे नाव, कोठून व किती वाजता निघालो, शेवटची पाटी कोणती, किती माणसे आहेत, कोणाला काय झाले आहे आणि बॅटरी किती उरली आहे, हे त्याच क्रमाने सांगावे. हा क्रम पाठ असावा असे मी आग्रहाने म्हणतो, कारण डिसेंबर २००६ मध्ये माउंट सॉलिटरीच्या परिसरात पाणी संपलेल्या १७ वर्षांच्या मुलाने वारंवार फोन करूनही त्याच्याकडे रस्त्याचा पत्ता मागितला जात राहिला आणि त्याचा मृत्यू झाला. ‘इमर्जन्सी प्लस’ हे अ‍ॅप आधीच उतरवून घेतले असेल, तर आपण जेथे उभे आहोत तेथले अक्षांश-रेखांश त्यावर दिसतात. ते आकडे वाचून दाखवावेत. इंग्रजीत बोलताना अडचण येत असेल तर आपली भाषा सांगून दुभाषा मागावा.

दरीत बहुतेक ठिकाणी रेंज नसते, आणि तेथे खरा आधार पीएलबीचा, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्राचा असतो. ब्लॅकहीथ येथील राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात तो विनामूल्य वापरायला मिळतो, आणि निघण्यापूर्वी आपला मार्ग व परतीची वेळ नोंदवण्याची सोयही उद्यानाने केलेली आहे. यंत्राचा अँटेना पूर्ण उघडून ते आकाश दिसेल अशा जागी ठेवावे, चालू करावे आणि माणसे पोहोचेपर्यंत बंद करू नये.

मे आणि जूनमध्ये, म्हणजे आपले लोक उन्हाळी सुट्टीत तेथे जातात तेव्हा, तेथे थंडी असते. जूनमध्ये सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि कड्याखाली अंधार त्याच्याही आधी पडतो. रात्र काढण्याची वेळ आल्यास ओले कपडे बदलावेत, रिकामी सॅक खाली घालून तिच्यावर बसावे, एकमेकांना चिकटून राहावे आणि डोके झाकावे. थंडीने कापणारा माणूस कापायचा थांबला आणि बोलताना अडखळू लागला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नये, ते धोक्याचे लक्षण आहे. वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या एक दिवस जास्तीच्या सॅकमध्ये असाव्यात. शेकोटीचा विचार करताना आगबंदी जाहीर झालेली नाही ना, हे निघतानाच पाहिलेले असावे.

साप चावल्यास जखम धुऊ नये, कापू नये, आवळपट्टी बांधू नये आणि रुग्णाला एक पाऊलही चालवू नये. रुंद, ताणली जाणारी क्रेप बँडेज आधी चावलेल्या जागेवर आणि मग बोटांपासून वर संपूर्ण हातावर किंवा पायावर, कपड्यांवरूनच, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकी घट्ट गुंडाळावी. बोटांची टोके उघडी ठेवावीत म्हणजे ती निळी पडत नाहीत ना हे पाहता येते, आणि काठी बांधून तो अवयव स्थिर ठेवावा. फनेल-वेब कोळी चावल्यासही हाच उपाय आहे. मात्र रेडबॅक कोळ्याच्या दंशाला पट्टी बांधत नाहीत.

हेलिकॉप्टर दिसताच सुटे कपडे, टोप्या आणि पसरलेली चादर गोळा करून धरून ठेवावी, कारण पंख्याच्या वाऱ्याने त्या उडतात, आणि बचाव कर्मचारी खुणावेपर्यंत जागा सोडू नये.

पावसानंतरच्या दिवसांत वाट बंद असल्याची पाटी दिसली तर ती ओलांडू नये. एप्रिल २०२२ मध्ये ‘वेंटवर्थ पास’ या पायवाटेवर दरड कोसळून एका ब्रिटिश कुटुंबातले वडील आणि लहान मुलगा दगावले.

खर्चाचीही तजवीज असावी. भारतातून गेलेल्या पर्यटकाला तेथील मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचा, लाभ मिळत नाही आणि रुग्णवाहिकेचे, त्यातही हवाई रुग्णवाहिकेचे, बिल स्वतः भरावे लागते. त्यामुळे प्रवास विमा घेताना डोंगरातली भटकंती आणि तेथून हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे की वगळला आहे, हे वाचून पाहावे. वगळला असेल तर दुसरी पॉलिसी घ्यावी आणि तिचा क्रमांक पासपोर्टच्या प्रतीबरोबर घरी थांबलेल्या व्यक्तीकडे द्यावा. आपण अमुक वेळेपर्यंत परतलो नाही तर पोलिसांना फोन करायचा, हेही तिलाच सांगून निघावे.