बेळगावात शून्य सावली कशी पाहावी

सूर्य रोज दुपारी बरोबर डोक्यावर येतो, हा समज चुकीचा आहे. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पृथ्वीचा आस २३.५ अंश कलल्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोनदाच अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते, हीच शून्य सावली: ३-४ मेच्या सुमारास आणि पुन्हा ८-९ ऑगस्टला. ऑगस्टात आपल्याकडे आभाळ उघडेल याचा भरवसा नाही, म्हणून मे धरा. निपाणी थोडी उत्तरेला, तिथे दिवस दोनेक दिवसांनी पुढे सरकतो. दिल्लीत मात्र असा दिवस येतच नाही.

३० सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइपचा सरळ कापलेला तुकडा गच्चीवर उभा करा. इथेच सगळं बिघडतं. पाइप नुसता २ अंश कलला तरी १ सेंटिमीटर सावली उरते आणि मुलं म्हणतात, "सावली आहे की!" गच्चीला पाण्यासाठी उतार असतोच, तेव्हा खाली पाट ठेवून पाणसळीने सपाट करा, आणि पाइप ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा.

घड्याळात १२ वाजता पाहू नका. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची, बेळगाव ७४.५ वर, त्यामुळे मेमध्ये मध्यान्ह १२:२९ च्या आसपास होते. १२:१५ पासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा. ते पाइपकडे सरकत येतं, बुडाशी विरतं, मग पूर्वेला निघतं. दिवस एखाद्याने चुकला तरी फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. सूर्याकडे मात्र कुणालाही बघू देऊ नका.