तळे आटण्याआधी पाण्याचा हिशोब कसा मांडावा

कोरडवाहू शेतीतील लहान तळ्याचे पाणी किती दिवस पुरेल, याचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज बहुधा फसतो, कारण तळे पसरट वाटीसारखे असते आणि पाणी निम्म्या खोलीवर उतरले तेव्हा साठा निम्म्याहून बराच कमी झालेला असतो. तळे शंकूच्या आकाराचे धरले, तर निम्म्या खोलीला मूळ पाण्याचा आठवा हिस्साच उरतो. म्हणून हिशोब पाऊस संपताच सुरू करावा.

सर्वांत खोल जागी सेंटिमीटर-मिलिमीटरच्या खुणा केलेली काठी पक्की रोवावी आणि रोज सकाळी, वारा पडलेला असताना, पातळी वहीत नोंदवावी. त्याच वेळी रुंद तोंडाचे पिंप पाण्याने भरून काठालगत अर्धेअधिक बुडेल असे टेकवावे, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी साधारण सारखेच तापेल. पिंपातले पाणी केवळ बाष्पीभवनाने घटते, तळ्यातले मात्र बाष्पीभवन आणि पाझर या दोन्हींमुळे. उपसा व पाऊस नसलेल्या सात दिवसांत पिंप ४९ आणि तळे ७७ मिलिमीटर उतरले, तर रोजचा पाझर सुमारे ४ मिलिमीटर ठरतो. जनावराने पिंपात तोंड घातले, तर तो आठवडा वाया गेला असे समजून मोजणी पुन्हा करावी.

एक चौरस मीटरवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. त्यामुळे १,००० चौरस मीटरचे हे तळे पिकाला थेंबही न देता रोज ११,००० लिटर गमावते. पुढे पसारा आक्रसतो तसा हा आकडा उतरतो. जनावरांच्या पिण्यापुरते पाणी बाजूला धरून, फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना ताण पडलेल्या पिकाला उरलेले लवकर द्यावे. ते राखून ठेवण्यात माझ्या मते शहाणपण नाही. एक हेक्टरला ५० मिलिमीटरची पाळी द्यायला ५ लाख लिटर लागतात, तेवढे नसेल तर क्षेत्र कमी करावे.

पाणी मागे सरले की काठावर वरून सुकलेला, आतून ओला चिखल राहतो आणि त्यात गुरे रुततात. पाण्यापर्यंत दगडांची वाट आधीच करून ठेवावी.

गाळ भेगाळल्यावर काढावा. फावड्याखाली मूळची चिकण माती लागताच थांबावे, कारण पाझर तीच अडवते. विहिरींसाठी बांधलेल्या पाझर तलावात मात्र पाणी मुरणेच हवे असते, म्हणून तेथे तळाला बसलेला बारीक गाळ निघेल तेवढा काढावा.