पीसी स्लो झाला म्हणून लगेच रॅम घ्यायला पळू नका, आधी या चुका टाळा

आमच्या परळच्या बिल्डिंगमधल्या काकांचा पीसी एवढा रखडायला लागला की भर पावसात छत्री घेऊन ते लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला रॅम आणायला निघालेच होते, म्हटलं काका थांबा, आधी बघू तरी. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलो तर खाली अप टाइम, म्हणजे पीसी शेवटचा नव्याने सुरू झाल्यापासूनचा वेळ, १९ दिवस! काका म्हणे, अरे मी रोज रात्री शट डाउन करतो, वर बोर्डाचं बटणपण बंद करतो.

खोटं नव्हते बोलत. २०१२ला विंडोज ८ आलं तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाची भानगड आहे, शट डाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) आहेत त्या अवस्थेत डिस्कवर सेव्ह होतात आणि सकाळी तेच परत उचलले जातात, म्हणजे काल गंडलेला ड्रायव्हर आजही गंडलेलाच. रिस्टार्टला मात्र सगळं नव्याने लोड होतं. रिस्टार्ट मारला, काकांचा पीसी पळायला लागला, रॅमचे पैसे वाचले.

रॅम मोकळी करून देतो म्हणणारे रॅम क्लीनर तर टाकूच नका. ओएस, म्हणजे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम, मोकळ्या रॅममध्ये परत लागतील अशा फाइली धरून ठेवते, टास्क मॅनेजरात ते कॅश्ड म्हणून दिसतं, आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडते.

खरंच रॅम कमी पडली की काय होतं ते वेगळं. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की ओएस रॅममधली काही पानं (डेटाचे तुकडे) माळ्यावर टाकते, म्हणजे डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये, आणि मग दर मिनिटाला स्टूल घेऊन चढउतार. याला थ्रॅशिंग म्हणतात, डिस्क १०० टक्के आणि सीपीयू निवांत दिसतो. अशा वेळी काही शहाणे पेज फाइलच बंद करतात, मग प्रोग्राम धडाधड क्रॅश. तेव्हा रॅम घ्याच, पण विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट हे सेटिंग्जमधल्या सिस्टिम टाइपमध्ये बघून, कारण ३२-बिट विंडोज १० असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम नुसती बसून राहणार.

आणि पेन ड्राइव्ह. विंडोज १०च्या १८०९ व्हर्जनपासून न इजेक्ट करता काढला तरी सहसा चालतं, पण लिनक्सवर कॉपी झाली असं दिसलं तरी डेटा अजून रॅममध्येच असू शकतो, तिथे इजेक्ट केल्याशिवाय हात लावू नका.