बाहेरून हापूस, आत साका : एच-इंडेक्स काढताना या चुका टाळा

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस आणि पदोन्नतीच्या फायली एकदमच सुरू होतात. छत्री दाराशी उभी करून, ओल्या चपलांनी आत येत सर म्हणतात, "मॅडम, जरा एच-इंडेक्स काढून द्या. पाच मिनिटांचं काम." एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या किती लेखांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला (या संदर्भालाच सायटेशन म्हणतात), त्यावरून काढलेला एक आकडा. मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पाच मिनिटांत काढलेले आकडे निस्तरण्यात माझे किती पावसाळे गेले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

नाव टाकलं, आलं ते सगळं आपलं

बाकीच्या सगळ्या चुका एका पारड्यात घाला आणि ही एकटी दुसऱ्यात, तरी हेच पारडं खाली जाईल. कोकणात आडनावं मोजकी. सावंत, परब, राणे, नाईक, कदम. त्यात नियतकालिकं बहुतेकदा पूर्ण नाव छापतच नाहीत. एक-दोन आद्याक्षरं आणि आडनाव, संपलं. 'एस. सावंत' एवढ्यात कुडाळपासून कॅलिफोर्नियापर्यंतचे किती सावंत मावत असतील, तुम्हीच बघा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेज आमचं नव्हे, आणि कोणतं ते विचारू नका. प्राणिशास्त्राचे एक सर, आडनाव अर्थातच सावंत. खाडीतल्या तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांवर आयुष्य घातलेला माणूस, ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरणारा. समितीपुढे दाखवायला म्हणून एका उत्साही तरुण सहकाऱ्याने त्यांच्या सहलेखकांचा नकाशा केला. व्हॉसव्ह्यूअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात तयार झालेलं. लेखांची यादी घातली की लेखकांचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा काढून देतं. दिसतं फार देखणं, आणि तिथेच घात होतो. नकाशात सर मधोमध. डावीकडे मत्स्यशास्त्रवाल्यांचा घोळका, उजवीकडे तेवढाच दुसरा घोळका, आणि दोन्हींना जोडणारा साकव म्हणजे एकटे सर. खाली ठळक अक्षरांत एच-इंडेक्स १७. सभेत टाळ्या. याला म्हणतात आंतरविद्याशाखीय संशोधन!

ती यादी तपासायला म्हणून माझ्याकडे आली ती सगळं झाल्यावर. आमच्या लायब्ररीतला मदतनीस प्रिंट काढत होता. तिसऱ्या पानावर थांबला आणि मला म्हणाला, "मॅडम, ह्ये सर दात पण काढतत काय?"

उजवीकडचा घोळका दंतवैद्यांचा होता. त्याच आद्याक्षरांचे दुसरे सावंत कुठेतरी दातांच्या रोपणावर लिहीत होते, आणि गूगल स्कॉलर या लेख शोधून देणाऱ्या सेवेने त्यांचे लेख आमच्या सरांच्या खात्यात आपोआप ओतले होते. सरांना पत्ताच नाही. प्रोफाइल उघडून दिलं होतं पुतण्याने, पासवर्डही त्याच्याकडेच. दात वेगळे केल्यावर तिसऱ्या-कालवांचा एच-इंडेक्स उरला ७. त्या विषयात तो अजिबात वाईट नाही. पण कागदावर १७ जाऊन बसलेले, त्यामुळे दुरुस्तीचं पत्र सरांनाच लिहावं लागलं. माझ्याच टेबलावर बसून लिहिलं, आणि तेवढ्या वेळात तीनदा पेन खाली ठेवलं. हापूस कापेपर्यंत साका, म्हणजे आतला बिघडलेला गर, कळत नाही, तसंच हे.

तेव्हापासून नकाशा हातात आला की मी दोन गोष्टी आधी बघते. एखादाच ठिपका दोन अगदी परक्या घोळक्यांना जोडत असेल तर तो बहुधा एक माणूस नसतो, दोघे असतात. उलट, दोन ठिपक्यांचे शेजारी तेच ते आहेत पण त्या दोघांमध्ये मात्र रेष नाही, असं दिसलं तर ती एकच व्यक्ती असण्याची शक्यता मोठी. कोणी स्वतःबरोबर लेख लिहीत नाही ना! आडनावातला 'व' कधी व्हीने, कधी डब्ल्यूने लिहिलेला असतो. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर एका लेखात असतं, दुसऱ्यात गळतं. बायकांचे हाल तर विचारूच नका : लग्नाआधीचे लेख एका नावावर, नंतरचे दुसऱ्या, आणि स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये दोन्ही वेगवेगळ्या व्यक्ती म्हणून सुखाने नांदताहेत.

संस्थेच्या नावाने शोधायला जाल तर तिथेही तेच. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झालं ते कोकण कृषी विद्यापीठ म्हणून, पुढे डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव जोडलं गेलं. त्यामुळे जुने लेख एका नावाखाली, नवे दुसऱ्या, आणि घाईतले नुसत्या आद्याक्षरांखाली. (सावंत इथेही आहेतच.) सगळे पर्याय टाकून शोधा.

माझी पद्धत जुन्या वळणाची आहे आणि मी ती बदलणार नाही. आधी माणसाकडून त्याची स्वतःची यादी मागते, हाताने लिहिलेली असली तरी चालेल. मग डेटाबेसमधली यादी छापते, लाल पेन आणि चहा समोर ठेवते आणि त्या माणसालाच एकेका ओळीवर खूण करायला लावते. साठ लेखांना एक दुपार जाते. जाऊ दे. मग डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचे ओळख-क्रमांक, जुळवायचे, स्कॉलरच्या सेटिंगमध्ये 'आपोआप भर घालू नका, आधी ईमेलने विचारा' हा पर्याय निवडायचा, स्कोपसमध्ये विखुरलेल्या ओळखी एकत्र करण्याची विनंती पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. ऑर्किड नसेल तर त्याच दिवशी काढून घ्यायचा. संशोधकाचा स्वतःचा सोळा अंकी ओळख-क्रमांक, फुकट मिळतो, २०१२ पासून आहे. 'नंतर काढतो' म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही, त्यांची फाईल खाली ठेवते.

आकडा कुठला आणि कधीचा, हेच न लिहिणं

एच-इंडेक्स म्हणजे काय, ते एकदा हाताने करून बघा. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा : ४२, ११, ६, ४, २. चौथ्या लेखाला चार सायटेशन आहेत, पाचव्याला पाच नाहीत. एच-इंडेक्स ४. झालं. पहिल्याला ४२ ऐवजी ४२० असती तरी ४च. पण ही सायटेशन मोजली कोणी? स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापून येण्याआधीच ऑनलाइन टाकलेले लेख), परिषदांची इतिवृत्तं, सगळंच मोजतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स फक्त त्यांनी निवडलेल्या नियतकालिकांच्या वगैरे मर्यादेत राहतात. म्हणून एकाच माणसाचे एकाच दिवशी तीन एच-इंडेक्स निघतात आणि तिन्ही खरे असतात. फाईलमध्ये लेखांची संख्या स्कोपसची, सायटेशन स्कॉलरची आणि सरासरी दोघांची मिळून, असली मिसळ मी परत पाठवते. आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख. एवढंच मागते.

स्कॉलरमध्ये सायटेशनच्या आकड्याला चांदणीची खूण (*) दिसली तर थांबा. तिथे दोन नोंदी एकत्र केलेल्या आहेत. एकाच लेखाच्या दोन नोंदी असतील तर ठीक. पण दोन निराळे लेख जोडून एच-इंडेक्स एकाने वर ढकलणारे महाभागही मी पाहिलेत, आणि ते नवखे नव्हते.

आंब्याची तुलना इलेक्ट्रॉनशी

जॉर्ज हर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला, आणि जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा वर जातात हे त्याने त्याच लेखात सांगितलं होतं. तरी आमच्याकडे एकाच तक्त्यात गणित, रसायन, मराठी आणि मत्स्यशास्त्र उतरत्या क्रमाने लावतात आणि खालच्याला 'सुधारणा आवश्यक' असा शेरा मारतात. बोलीवर किंवा दशावतारावर मराठी नियतकालिकात वीस लेख लिहिलेल्या माणसाचा स्कोपसमध्ये भोपळा निघतो, कारण ती नियतकालिकं तिथे नाहीतच. तिथे शून्य न लिहिता 'या डेटाबेसमध्ये नोंद नाही' असं मी लिहिते. लोकांना ते पळवाट वाटते. वाटू दे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' आंबा काढला, ते कलम लावणारा बागायतदार कुठल्या लेखाच्या तळटीपेत सायटेशन देणार आहे?

सहलेखक मोजताना

इथे प्रश्न साधा आहे : तिघांनी लिहिलेला लेख प्रत्येकाच्या खात्यात एक म्हणून धरायचा, की एक तृतीयांश? दोन्ही रीती रूढ आहेत, पण सुरुवातीला एक ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत तिसरीच रीत आहे : दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, म्हणजे दोघांचे मिळून १४०. जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. तो पदोन्नतीचा हिशेब आहे, तो संस्थेच्या एकूण लेखसंख्येत घालू नका. एकच लेख तीन विभागांत तीनदा मोजला जातो आणि बेरीज गावभर फिरते. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या एका लेखाला ५,१५४ लेखक होते. त्यातला एखादा तुमच्या कॉलेजात असेल तर तुमचं 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' एका रात्रीत आकाशाला भिडेल. मी असे लेख वेगळ्या ओळीत ठेवते.

इम्पॅक्ट फॅक्टर

तो नियतकालिकाचा असतो, तुमचा नाही. मागच्या दोन वर्षांत तिथे छापून आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. देते क्लॅरिव्हेट ही कंपनी, वर्षातून एकदा, जूनमध्ये. यूजीसीच्या नियमांत अजून थॉमसन रॉयटर्स लिहिलंय, पण त्यांनी तो धंदा २०१६ मध्येच विकला. माझी एक युक्ती सांगते : २०२३ पासून क्लॅरिव्हेट दशांशानंतर एकच अंक दाखवते. म्हणून नव्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर ऐटीत ७.८३४ छापलेलं दिसलं की मी आधी चष्मा पुसते, मग क्लॅरिव्हेटची यादी उघडते. तिथे त्या नियतकालिकाचं नावच नसतं.

बाकीचं थोडक्यात

स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वेगळी दाखवा. ती असणं गुन्हा नाही, लपवणं आहे.

गेल्या वर्षी छापलेल्या लेखाला सायटेशन नाहीत म्हणून रडू नका. सरासरी काढू नका, एक गाजलेला लेख सगळी सरासरी खांद्यावर घेऊन उभा असतो. मागे घेतलेले लेख यादीतून काढा.

नियतकालिक यूजीसी-केअर यादीत, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीत, आहे का, हा प्रश्न आता मला विचारू नका. ती यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये यूजीसीने बंदही केली. नियतकालिक स्वतः उघडून, दोन लेख वाचून ठरवायचं आता. हो, वाचून.

आणि "उद्या मुलाखत आहे" म्हणत आज संध्याकाळी साडेपाचला येऊ नका. साडेपाचला माझी एसटी असते.